मानाचा चिखल

ज्ञानेश्वरीच्या दोन्ही पोरांना देवानं हात दिले होते ते चिखलात घालायला आणि तोंड दिलं होतं ते ‘म्या न्हाई, यानं केलं’ म्हणायला. बाकीचे अवयव निव्वळ शोभेला. थोरला आदिनाथ आठ वर्षांचा, धाकटा योगीराज साडेपाचचा. नावं सासूनं मोठ्या हौसेनं साधुसंतांची ठेवली होती. आज पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी, त्यातले एक महाराज गेटच्या आत गुडघाभर गाऱ्यात उभे होते आणि दुसरे महाराज त्याच गाऱ्यात बूड टेकून बसले होते.

"काय करायलाव रे?" ओट्यावर पुरण वाटता वाटता ज्ञानेश्वरी ओरडली.

"धरण बांधायलाव!"

"बांधा. आपल्या घराला तेवढंच कमी व्हतं."

दोघांच्या अंगात नवे पांढरे सदरे होते. म्हणजे सकाळी पांढरे होते. पोळ्याच्या मिरवणुकीत पोरं पांढऱ्या सदऱ्यात उठून दिसावीत, ही कल्पना त्यांच्या बापाची, गोपीचंदची. काळ्या मातीच्या गावात, श्रावणाच्या शेवटाला, पांढरा सदरा! ज्याला धुणं धुवावं लागत नाही त्यालाच असलं सुचतं.

धरणाची जागा मात्र पोरांनी एखाद्या इंजिनिअरला लाजवील अशी निवडली होती. नळाच्या पाईपासाठी तीन आठवड्यांपूर्वी गेटच्या आतून चर खणला होता आणि कंत्राटदाराच्या माणसांनी तो नुसती भुसभुशीत माती लोटून बुजवला होता. पोरांनी नेमका तोच उकरला, कडेनं बांध घातला आणि बोअरचा पाईप आत सोडला. सांडव्याच्या जागी आजीची चप्पल लावली. कालवा खणायला ज्ञानेश्वरीचं उलथनं होतं, जे ती सकाळपासून घरभर शोधत होती.

"आन् ते भिंतीवर काय वाळत ठिवलंय? बेडकं का?"

योगीराजाला भयंकर राग आला. "बैल हायेत ते!"

"आस्सं का. मला पाय दिसंनात म्हणून इचारलं, बापू."

बैल म्हटल्यावर तिचा हात पाट्यावर घटकाभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

राणीसावरगावापासून चार किलोमीटरवरच्या या गावात पोळा फुटायचा तो गोपीचंदच्या घरच्या बैलांनी. मारुतीच्या पारापाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, त्याखालून पहिली जोडी या घरची जायची, मग उरलेलं गाव. हा मान आज्या-पणज्यापासूनचा. मानात नेमकं मिळतं काय, असं ज्ञानेश्वरीनं लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला विचारलं होतं. एक नारळ मिळतो, असं कळलं. तो तिथंच फोडून गावाला वाटायचा असतो, असंही कळलं. एवढ्या मोठ्या मिळकतीपायी भाऊबंद एकमेकांच्या लग्नाला जात नव्हते.

पण तोरणाखाली त्या पहिल्या जोडीला ओवाळायची ती या घरच्या सुनेनं. तिचं ओवाळून होईपर्यंत गाव थांबायचं. एरवी तिच्यासाठी गाव सोडा, घरातही कुणी थांबत नसे. ताटं वाढून ती बसेपर्यंत चौघं हात धुवून मोकळे. म्हणून मानाला ती वर्षभर कितीही नावं ठेवत असली, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी हिरवं लुगडं इस्त्री करून खुंटीला लावायची. ते कुणी बोलून दाखवलेलं मात्र तिला खपत नसे.

यंदा खुंटीला लुगडं होतं आणि दावणीला बैल नव्हते. उन्हाळ्यात भावाच्या पोरीचं लग्न म्हणून ती चार दिवस मानवतला माहेरी गेली. परत आली तर लाख्या नाही, हरण्या नाही, आणि त्यांच्या जागी एक जुना लाल ट्रॅक्टर उभा.

"कसाय?" गोपीचंदनं विचारलं होतं. जसं काही तिच्यासाठी पैठणीच आणली!

कसा असणार? ट्रॅक्टरसारखा होता. लाख्याला तिनं वासरू होता तेव्हापासून हातानं भरवून वाढवला होता. लहानपणी दाव्यात अडकून त्याचं डावं शिंग डोळ्याकडं वाकलं, ते तसंच राहिलं. बैल कुणाला दिले, हे तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि ट्रॅक्टरच्या देखत रडायची तिची तयारी नव्हती. गोपीचंदनंही आपणहून सांगितलं नाही. चार महिने घरात त्या दोघांचं नाव कुणी काढलं नव्हतं.

नाव काढलं ते बन्सीधरनं. बन्सीधर गोपीचंदचा थोरला चुलतभाऊ. त्याची खिलारी जोडी तालुक्यात गाजलेली आणि मानाच्या नारळावर त्याचा डोळा जन्मापासूनचा. तीन दिवसांपूर्वी पारावर बैठक बसली. बैल नाही तर मान नाही, असं बन्सीधर म्हणाला. ट्रॅक्टरच माझा बैल, पन्नास बैलांचं बळ हाय त्याच्यात, असं गोपीचंद म्हणाला. शेवटी तोरण बांधणाऱ्या म्हाताऱ्या सिताराम आज्यांनी निवाडा दिला: ट्रॅक्टर तर ट्रॅक्टर, पण देवळाच्या कळसावरून ऊन उतरायच्या आत तोरणापाशी उभा पाहिजे. उभा असला तर मान गोपीचंदचा. नसला तर बन्सीधरचा, यंदापासून कायमचा. बन्सीधरनं मान डोलावली, गोपीचंदनं डोलावली. ट्रॅक्टरला कुणी विचारलं नाही.

आणि काल तर कहरच झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ गोपीचंद पायात चपला घालता घालता म्हणाला, "म्या राणीसावरगावला जाऊन माळा आनतो. तू तेवढी ट्रॅक्टरची खांदेमळणी करून घी."

"खांदा कोन्चा म्हनायचा याचा?"

"मडगार्ड धर की!"

तो गेला. ज्ञानेश्वरी वाटी घ्यायला आत गेली तर वाटीतलं निम्मं लोणी गायब. पोरांना विचारलं. दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं, म्हणून तिनं दोघांना एकेक धपाटा देऊन न्याय केला. उरलेलं लोणी हळदीत कालवून तिनं मडगार्डाला फासलं. आवतन मात्र तिच्या तोंडून निघेना. लोखंडाला जेवायला या म्हणायचं आणि ते आलंच तर वाढायचं काय? डिझेल? ती हात धुवून मोकळी झाली.

गोपीचंद दिवेलागणीला माळा घेऊन आला तेव्हा त्याची नखं पिवळी होती.

"हे काय लागलंय?"

"झेंडूचा रंग," तो म्हणाला आणि घाईनं न्हाणीत गेला.

झेंडू नखात शिरून बसतो, हे नवीनच ज्ञान होतं. पण तिला पुरणाची डाळ भिजवायची होती, तिनं विषय सोडला.

तर आता दुपार कलली होती. ट्रॅक्टर पत्र्याखाली सजून उभा होता. पुढं बाशिंग, बॉनेटवर झूल, दिव्यांना बेगड, धुराड्याला गोंडा. नवरदेव म्हणावा तर वय उलटून गेलेलं. गोपीचंद आत दाढी करत होता आणि मधूनमधून आरशातूनच विचारत होता, "किती वाजले गं?"

गेटमधलं धरण काठोकाठ भरलं होतं. बांधाच्या अलीकडची माती पाणी पिऊन पिऊन फुगली होती. ट्रॅक्टरला बाहेर पडायची वाट ती एकच. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या, शेतकऱ्याच्या घरात दिलेल्या बाईला अशा मातीचं काय होतं हे सांगावं लागत नाही. बोअरचं बटण ओट्याच्याच भिंतीला होतं, तिच्या हातापासून वीतभर.

तिनं बटणाकडं पाहिलं. मग ट्रॅक्टरकडं पाहिलं. त्याचं ते बाशिंग पाहिलं. चार महिन्यांचा राग असा घशाशी आला की तिला ठसकाच लागला.

"मम्मी!" योगीराज ओरडला. भूक लागली की ती माय असायची, काही मागायचं असलं की मम्मी. "मम्मी, आजून पानी सोडू का?"

"मला कामून इचारतूस? धरण तुजं हाय."

पोरानं ही परवानगी समजली. परवानगीच होती ती. ज्ञानेश्वरीनं पुरणाचा दुसरा गोळा पाट्यावर घेतला.

चार वाजता गोपीचंद फेटा बांधून ट्रॅक्टरवर चढला. सासू, धुरपदाबाई, दारात खुर्ची टाकून बसली. ट्रॅक्टरनं आधी खाकरून घेतलं, मग धूर सोडला आणि मोठ्या रुबाबात निघाला. पुढची चाकं बांध तोडून पलीकडं गेली.

"धरण फुटलं! धरण फुटलं!" पोरं आनंदानं नाचायला लागली.

मागची चाकं धरणात उतरली आणि तिथंच राहिली. गोपीचंदनं जोर दिला तशी ती आणखी खाली गेली. आणखी जोर दिला तेव्हा चिखलाचा फवारा उडाला, तो नव्या फेट्यापासून बाशिंगापर्यंत सगळ्यांना सारखा पोहोचला. मग मानाचा बैल गेटमध्ये फतकल मारून बसला.

शेजारीपाजारी धावले. चाकाखाली तुराट्या घातल्या, दगड घातले, एकानं स्वतःच्या घरचं जुनं दार आणून घातलं. चिखलानं सगळं प्रेमानं गिळलं. "बैल लावा की रे दोन जोड्या, आत्ता निघंल," कुणीतरी म्हणालं आणि बोलून झाल्यावर जीभ चावली. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गावात चाळीस जोड्या अंघोळी करून, शिंगं रंगवून उभ्या होत्या आणि त्यातली एकही आज ओढायच्या कामाची नव्हती. उद्या पोळ्याची कर, म्हणजे उद्याही जू नाही. पन्नास बैलांचं बळ सांगणाऱ्याला आज दोन बैल मिळेनात.

ज्ञानेश्वरी ओट्यावरून बघत होती. खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटत होतं. पुरणपोळी लाटताना तिनं चक्क गाणं गुणगुणलं.

तेवढ्यात धुरपदाबाई खुर्चीवरून उठली, भिंतीला धरत धरत ओट्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, यंदा तोरनाला आपलं घर न्हाई का गं?"

बस, एवढंच. ना शिवी, ना बोलणं. सासरे गेले त्याला सहा वर्षं झाली. ते असताना याच वेळेला म्हातारी उंबऱ्यात पाणी घालून जोडीला वाटेला लावायची. ट्रॅक्टरची खोड मोडायच्या नादात आपण म्हातारीच्या ताटातलं काढून घेतलं, हे ज्ञानेश्वरीला आत्ता उमगलं. आणि खरं सांगायचं तर खुंटीवरचं हिरवं लुगडंही तिच्याकडंच बघत होतं.

ऊन कळसाला टेकलं होतं.

"आद्या! योग्या! ते भिंतीवरचे बेडूक उचला!"

"बैल हायेत!"

"बैल तर बैल! चला!"

लुगडं नेसायला वेळ नव्हता. होतं त्याच पातळाचा पदर डोक्यावर घेऊन तिनं बसायचा पाट काढला, त्यावर ते दोन ओले बैल ठेवले, पाट पोरांच्या हातात दिला आणि स्वतः आरतीचं तबक घेतलं. ट्रॅक्टर आणि भिंत यांच्या फटीतून तिघं बाहेर पडले. वाटेत एका बैलाचं शिंग खाली लोंबलेलं तिला दिसलं म्हणून ती सरळ करायला गेली, तर योगीराजानं तिच्या हातावर फटका मारला. "तसंच हाय त्ये!" भांडायला सवड नव्हती, तिनं सोडून दिलं.

पारावर सगळं गाव गोळा झालं होतं. बन्सीधरची जोडी तोरणापासून दोन पावलांवर. सिताराम आज्यांनी काठी उचलली होती.

"थांबा!" ज्ञानेश्वरी ओरडली. बाईमाणसाचा आवाज या वेळेला पारावर कुणी ऐकला नव्हता, वाजंत्रीसुद्धा थांबली.

बन्सीधरनं पाटाकडं पाहिलं, मग पाट धरणाऱ्यांकडं पाहिलं. बैल कुठले आणि पोरं कुठली हे चटकन ओळखू येत नव्हतं. दोन्ही एकाच मातीची. "ह्यो काय पोरखेळ लावला?" तो म्हणाला.

"पोरखेळच हाय, बन्सीदादा. पोरायनीच केलेत."

"मातीचा बैल तोरनाखालून जात नसतो."

ज्ञानेश्वरीनं पदर सावरला. "लोखंडाचा जातो म्हनून बैठकीत तुमीच मान डोलावली. ज्याच्या घरी बैल न्हाई त्यानं मातीचा पुजावा, ही आपली रीत. ज्याच्या घरी न्हाई त्यानं डिझेलचा पुजावा, ही कवापासून निघाली? आन् निघाली आसंल, तर मग मातीनं काय पाप केलंय?"

गर्दीतून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. बन्सीधर काही बोलणार होता, पण सिताराम आजे काठी टेकत पुढं आले आणि पाटावर वाकले. त्यांनी थरथरतं बोट त्या लोंबलेल्या शिंगाला लावलं.

"आरं," ते म्हणाले, "ह्यो तर लाख्या."

"मंग?" योगीराज म्हणाला. "किती येळचं सांगायलो मी!"

ज्ञानेश्वरीनं वाकून पाहिलं. डावं शिंग डोळ्याकडं वळलेलं. शेजारच्याच्या पाठीवर पोरानं बोटानं दोन रेघा ओढलेल्या, हरण्याच्या पाठीवर होत्या तशाच. चार महिने घरात ज्यांचं नाव काढायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं, त्यांना या कार्ट्यांनी चिखलातून काढून भिंतीवर उभं केलं होतं, आणि ती त्यांना बेडूक म्हणत होती.

"येळ झाली का न्हाई?" आज्यांनी कळसाकडं पाहिलं. कळसाच्या टोकावर अजून नखाएवढं ऊन होतं. "न्हाई झाली. वाजवा रे!"

पोरं पाट घेऊन तोरणाखाली उभी राहिली आणि ज्ञानेश्वरीनं ओवाळलं. गाव थांबलं होतं. तिनं घाई केली नाही.

नारळाचा मोठा तुकडा आज्यांनी बन्सीधरच्याच हातावर ठेवला. तो त्यानं खाल्ला, पण चावण्यात काही राम नव्हता.

घरी आले तेव्हा धुरपदाबाई उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं मातीच्या बैलांच्या पायावर पाणी घातलं. पाय होतेच कुठं, थोडे अजून विरघळले. गोपीचंद धरणाच्या फुटक्या बांधावर बसला होता, चिखलानं माखलेला. घरात आता दोन नाही, तीन पोरं होती.

"पानी कुनी सोडलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"म्या न्हाई, यानं केलं," दोघं एका दमात म्हणाले.

"म्या," ज्ञानेश्वरी म्हणाली. "बटन माझ्या हाताशी व्हतं. दुपारधरून बघायले. न्हाई बंद केलं."

आता हा ओरडणार, म्हणून तिनं उत्तरं तयार ठेवली होती. चार महिन्यांत भरपूर साठली होती. पण गोपीचंद ओरडला नाही. त्यानं पाट जवळ ओढला आणि मातीच्या लाख्याच्या खांद्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, दाबून, एका जागी दोनदा. त्या हालचालीकडं बघता बघता तिला त्याची नखं दिसली. आजही पिवळी होती.

"लोनी तुमी नेलं," ती म्हणाली.

त्यानं नखं मुठीत झाकली.

"म्या पोरायला मारलं की वो त्याच्यापायी!"

"राणीसावरगावला हायेत," गोपीचंद मातीकडं बघत म्हणाला. "भुजंग म्हनून हाय, त्याच्याकडं. बरं ठिवलंय त्यानं. दोघंबी एकाच दावनीला. खांदा मळला काल. लाख्यानं वळखलं मला. हात चाटला."

"आन्?"

"आन् काय?"

"आवतन दिलं का?"

गोपीचंदनं मान हलवली. "तोंडातून निघून गेलं. उद्या जेवायला या म्हनलं."

ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ट्रॅक्टर समोरच होता, पण आता तिला त्याची फिकीर नव्हती. नाक पुसून ती आत गेली. आतून भांड्यांची आदळआपट ऐकू आली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं आणि हातात फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या.

"उठा," ती म्हणाली. "जेवायला या म्हनून सांगून आलाव, आन् हितं गाऱ्यात बसलाव? पाव्हन्याला उपाशी ठिवायची रीत कवापासून निघाली आपल्या घरात?"

"आत्ता? चालत?"

"मग काय, याच्यावर बसून?"

पोरं कधीच गेटच्या फटीतून पलीकडं गेली होती. गोपीचंद उठला, चिखलाचा फेटा काढून त्यानं खांद्यावर टाकला आणि रुतलेल्या ट्रॅक्टरकडं एकदा वळून पाहिलं. बाशिंग एका बाजूला कललं होतं. "ह्यो बिचारा एकलाच ऱ्हाईल की सणाचा," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," ज्ञानेश्वरी म्हणाली. "त्याला म्या आवतनच दिलं नव्हतं."